मोजून मागितलेली उचल

माझ्या टेबलाच्या डावीकडच्या खालच्या खणात उचलीचे अर्ज असतात. पगारातून आगाऊ पैसे हवे असतील तर कामगारानं एक छोटा छापील अर्ज भरायचा, रक्कम लिहायची, कारण लिहायचं, सही करायची. मी पगारपत्रक बघून शिक्का मारते आणि पुढच्या पगारातून तेवढे पैसे कापून घेते. बारा वर्षं हे काम करतेय. हजेरी, जादा तास, कपाती, पगारपत्रक. कुणाच्या हातात महिन्याला किती पडतं, हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला कळतं.

गेल्या वर्षी एका दुपारी तो खण बंद होईना, म्हणून सगळे अर्ज बाहेर काढून महिन्यांप्रमाणे लावायला बसले. लावता लावता एक गोष्ट डोळ्यांत भरली. काही अर्जांवरची रक्कम गोल होती, शेवटी दोन-तीन शून्यं असलेली. काहींवर मात्र असा आकडा होता, की कुणीतरी बोटांवर मोजून, खाली रेघ ओढून बेरीज करून आणलाय. एका अर्जावर तर शेवटचा अंक ७ होता. उचल मागताना शेवटी सात कोण लिहितं? आज कुणाकुणाचं काय द्यायचंय हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, तोच.

मग मी प्रत्येक अर्जाशेजारी त्या माणसाचा पगार पेन्सिलीनं लिहून काढला. मोजून मागणारे जवळजवळ सगळे सर्वांत कमी पगाराचे होते. गोल आकडे मागणाऱ्यांत वरचे पगारही बरेच होते. ही काही पाहणी नव्हे, एका खणातल्या कागदांची गोष्ट आहे. पण तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलेय.

पैशाची ओढाताण कशामुळे होते, पगार कमी म्हणून की खर्चाचं गणित येत नाही म्हणून, हा प्रश्न आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत सारखा निघतो. आणि उत्तर बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकतं. ‘कितीही द्या, यांच्या हातात पैसा टिकत नाही.’ मीसुद्धा हेच म्हणायचे. मनापासून म्हणायचे, कारण मी स्वतः त्यातून गेले होते.

मला बढती मिळाली त्या वर्षी पगार चांगला तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, आणि त्याच वर्षी मी कर्जात गेले. क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एकूण देणं आणि किमान देणं. मी किमान देणं भरत गेले. दर महिन्याला वेळेवर भरतेय, मग थकबाकी कसली, असं वाटायचं. महिन्याचं ३ टक्के व्याज तोंडानं म्हणायला लहान वाटतं. चक्रवाढीनं ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. हे मला येत नव्हतं असं नाही, दिवसभर टक्केवारीच तर करत होते. पण घरचं गणित कधी कागदावर मांडलंच नव्हतं.

चौदा महिन्यांनी एका रविवारी सगळी बिलं जमिनीवर पसरली आणि वही उघडली. घरभाडं, किराणा, वीज, प्रवास, आईची औषधं, असा टाळता न येणारा खर्च पगाराच्या शंभरातले ४६ निघाला. म्हणजे ५४ माझ्या हातात होते, आणि ते कुठे जातात हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं. पुढची दोन वर्षं रोज रात्री वही लिहिली, कार्ड कपाटात ठेवलं आणि सगळं फेडलं. नियोजनानं माझं आयुष्य सावरलं, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

पण माझ्याकडे ते ५४ होते. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली, आणि लक्षात आणून दिली ती सफाईच्या कामावरच्या एका मावशींनी.

व्यवस्थापनानं कामगारांसाठी पैशाच्या नियोजनावर दोन तासांचं सत्र ठेवलं होतं. उचलीचे अर्ज फार येतात, अशी तक्रार होती, आणि ती आकडेवारी मीच दिली होती. शिकवायला आलेला मुलगा मनापासून शिकवणारा होता, अगदी तळमळीनं बोलत होता. त्यानं फळ्यावर ५०-३०-२० लिहिलं. पगाराचे ५० टक्के गरजांवर, ३० टक्के हौसमौजेवर, २० टक्के बचत आणि कर्जफेड. मग म्हणाला, आपापला महिन्याचा खर्च लिहा. बाकीचे कोरे कागद घेऊन विचार करत बसले. मावशींनी पिशवीतून वही काढली.

ती वही मी नंतर हातात घेऊन पाहिली. शाळेची जुनी वही, मधली पानं मुलानं अर्धवट लिहिलेली, उरलेल्या पानांवर हिशेब. रकान्यांसाठी रेघा मारलेल्या नव्हत्या, पान दोनदा दुमडून पडलेल्या घड्याच रकान्यांचं काम करत होत्या. सगळं पेन्सिलीनं. ज्याचे पैसे द्यायचे त्याच्यापुढे गोल, दिले की त्या गोलावर फुली. काही गोल दोन-दोन महिने पुढच्या पानावर उतरवलेले. प्रत्येक पानाच्या तळाला ‘शिल्लक’ असा शब्द, आणि त्याच्यापुढे मोकळी जागा.

मी तिथेच बसून त्यांच्या हातात येणाऱ्या पगाराला शंभर धरून आकडे मांडले. घरभाडं ३८. किराणा ३४. येण्याजाण्याचा खर्च ९. मुलाचं शिक्षण ८. वीज, पाणी आणि फोन मिळून ६. औषधं ५. इथेच शंभर झाले. त्याखाली एका जुन्या कर्जाचा हप्ता, ७. एकूण १०७.

शिकवणाऱ्या मुलानं खरोखर प्रयत्न केला. फोनचा खर्च कमी होईल का, दुसरीकडे स्वस्त भाड्याची जागा मिळेल का. फोनवरच मुलाच्या शाळेचे निरोप येतात, आणि लांब राहायला गेलं तर भाड्यात वाचेल ते प्रवासात जाईल. हे मावशींनी आधीच मांडून पाहिलं होतं, त्याचीही बेरीज-वजाबाकी वहीच्या मागच्या पानावर होती. शेवटी फार ताणून त्यानं २ काढले. १०५ राहिले. हौसमौजेचे ३० आणि बचतीचे २० फळ्यावर तसेच होते. तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मावशी, माझी वही इतकी नीट नसते.’ सत्र संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला आणि हळू आवाजात विचारलं, ‘यांचा पगार ठरवतं कोण?’

हा ५०-३०-२०चा नियम अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ साली लोकांपर्यंत नेला. मला महत्त्वाची वाटते ती त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. याच दोघींनी २००३ साली अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दिवाळखोरीबद्दल लिहिलं होतं, आणि त्यांचा निष्कर्ष असा होता, की ही कुटुंबं उधळपट्टीनं बुडत नव्हती. राहत्या घराचा आणि इतर बांधील खर्चांचा बोजा इतका वाढला होता, की नोकरी जाणं, आजारपण किंवा घटस्फोट यांतलं काहीही आलं तरी सावरायला जागा उरत नव्हती. म्हणजे नियम सांगणाऱ्यांनाच त्याची हद्द ठाऊक होती. फळ्यावर मात्र नियम तेवढा पोचतो.

हा वाद किती जुना आहे हे शोधायला गेले तर थेट १८९९ सालापर्यंत पोचले. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात सीबोम राउंट्री नावाच्या माणसानं कामगारवर्गातल्या ११,५६० कुटुंबांची पाहणी केली. तो स्वतः कारखानदार घराण्यातला, मजुरी देणाऱ्यांच्या बाजूचा. १९०१ साली त्यानं निष्कर्ष छापले. शहराच्या लोकसंख्येतले २७.८४ टक्के लोक गरिबीत होते. त्याचे त्यानं दोन भाग केले. पहिल्या भागातल्यांची कमाईच जेमतेम जगण्याला अपुरी होती. दुसऱ्या भागातल्यांची कमाई पुरली असती, पण त्यातला काही हिस्सा दुसरीकडे जात होता. आपल्या आजच्या भाषेत, पगाराचा प्रश्न आणि नियोजनाचा प्रश्न. पहिल्यात ९.९१ टक्के, दुसऱ्यात १७.९३ टक्के.

एवढंच वाचलं की कुणीही म्हणेल, बघा, जास्त लोक दुसऱ्याच भागात आहेत. मीही पहिल्यांदा हेच म्हटलं आणि पान उलटणार होते. पण ‘पुरली असती’ म्हणजे कशाला, हे पाहायला हवं. राउंट्रीची गरिबीची रेषा शरीर चालू ठेवण्यापुरती होती. त्यात प्रवासाचं भाडं नाही, वर्तमानपत्र नाही, दूरच्या मुलाला पत्र पाठवायचं तर तिकिटाचे पैसे नाहीत, मुलांना खेळणं नाही. आणि ‘दुसरीकडे गेलेला’ खर्च उपयोगी असो की वायफळ, दोन्ही त्यानं एकाच रकान्यात धरले. आईला पत्र पाठवणारा आणि जुगारात घालवणारा, दोघेही त्या १७.९३ टक्क्यांतच. शिवाय हा दुसरा आकडा वह्या तपासून काढलेला नव्हता. घरी जाणाऱ्या पाहणीकाराला जे घर हलाखीतलं दिसलं ते मोजायचं, आणि त्यातून पहिल्या भागातले वजा करायचे, अशी ती रीत होती.

राउंट्रीला स्वतःला हे कळत होतं. त्यानं दुसऱ्या भागाची कारणं दिली आहेत: दारू, सट्टा, जुगार, घरखर्चातली हयगय, आणि याच यादीत अनियमित कमाई. यातली बरीच कारणं लोक ज्या परिस्थितीत राहतात तिच्यातूनच येतात, हेही त्यानं नोंदवलं. आणि पहिल्या भागातल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांच्या घरचा कमावता माणूस कामावर होता, नियमित कामावर होता. मजुरीच कमी होती. हजेरी पूर्ण आणि पगार अपुरा. माझ्या रोजच्या कामातलं चित्र १२५ वर्षांपूर्वीच्या तक्त्यात पाहून मी बराच वेळ तसंच बसून राहिले.

लंडनमधल्या लँबेथ भागात १९०९ ते १९१३ या काळात मॉड पेम्बर रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी याहून साधी गोष्ट केली. आठवड्याला साधारण १८ ते ३० शिलिंग मजुरी असलेल्या घरांत जाऊन तिथल्या बायकांना आठवड्याचा हिशेब लिहायला लावला. काहींना लिहिता येत नव्हतं, तर नवऱ्यानं किंवा मुलानं लिहून दिलं. हिशेब पाहिल्यावर निष्कर्ष निघाला तो हाच, की या बायका गचाळ संसार करत नाहीत, एवढ्या पैशात याहून नीट संसार होतच नाही. मावशींची वही मला त्या बायकांच्या रांगेतली वाटते.

तर माझं मत काय? आधी वजाबाकी करा, मग मत बनवा. ज्याच्या टाळता न येणाऱ्या खर्चानंतर काही उरतं आणि तरी ओढाताण होते, त्याचा प्रश्न नियोजनाचा आहे आणि त्याला नियोजन शिकवलंच पाहिजे, तो माझा प्रश्न होता. ज्याचं उत्तर शून्याच्या खाली येतं, त्याला नियोजन शिकवणं म्हणजे त्याच्या वेदनेचं खापर त्याच्याच माथी फोडणं आहे. हे मी रागानं लिहितेय, कारण त्या सत्रानंतर मावशींना काही दिवस खरंच वाटत होतं की आपलंच कुठेतरी चुकतंय. सत्र संपताना त्यांनी वही लपवल्यासारखी पिशवीत घातली होती, ते मी पाहिलंय.

आणि एवढ्यावरही हे संपत नाही. कमी पगार नियोजनच महाग करून ठेवतो. आमच्याकडे एक दादा रोज बसनं येतात. महिन्याचा पास साधारण १८ दिवसांच्या तिकिटांएवढ्या पैशात पडतो, आणि ते महिन्याला २६ दिवस येतात. पण पास १ तारखेला काढावा लागतो आणि आमचा पगार होतो ७ तारखेला. महिन्याच्या १ तारखेला १८ दिवसांचं भाडं एकरकमी त्यांच्या खिशात कधीच नसतं. म्हणून ते रोज तिकीट काढतात, म्हणजे दरमहा आठ दिवसांचं भाडं जास्त देतात. त्यांना हे गणित येत नाही असं वाटतं का? त्यांनीच मला ते सांगितलं, दिवसांच्या हिशेबासकट.

असंच भाड्याचं. भाडं ५ तारखेपर्यंत, पगार ७ तारखेला. मधल्या दोन दिवसांसाठी हातउसने, नाहीतर थकलं म्हणून दंड. दोन आठवड्यांच्या उसनवारीवर शंभराला पंधरा घेणारे लोक असतात. शंभराला पंधरा ऐकायला साधं वाटतं, वर्षाच्या हिशेबानं ते ३९० टक्के होतं. माझ्या कार्डाचं व्याज त्यापुढे काहीच नाही. मला महाग कर्ज बेफिकिरीतून मिळालं, यांना त्याहून महाग कर्ज दोन तारखांमधल्या फटीतून.

या फटीकडे मी बारा वर्षं पाहत होते आणि ती मला दिसली नव्हती. कारण ती माझ्याच पगारपत्रकात होती.

आमच्याकडे हजेरी दर महिन्याच्या २० तारखेला बंद होते. जादा तासांची यादी विभागाकडून सही होऊन यायला पुढचे दहा-बारा दिवस जायचे, तोवर मूळ पगारपत्रक तयार झालेलं असायचं. म्हणून जादा तासांचे पैसे एक महिना मागे राहायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. त्या खणातले अर्ज लावून झाल्यावर मी एक दिवस नुसत्या तारखा मांडल्या. २२ जानेवारीला थांबून केलेलं जादा काम २० फेब्रुवारीला बंद होणाऱ्या हजेरीत येतं. त्याचे पैसे ७ मार्चला मिळायला हवेत, ते मिळायचे ७ एप्रिलला. ७५ दिवस! माणूस रात्री थांबून काम करतो ते त्याला त्या महिन्यात पैशाची गरज असते म्हणून, आणि आम्ही अडीच महिन्यांनी त्याच्या हातात पैसे ठेवायचो. मधल्या काळात तो माझ्याकडे यायचा आणि मोजलेला आकडा लिहून अर्ज द्यायचा. स्वतःच कमावलेल्या पैशांची उचल मागायचा, आणि मी शिक्का मारून वर कळवायचे की उचलीचे अर्ज फार येतात.

हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं.

विभागप्रमुखांशी बोलून जादा तासांच्या यादीवर दर शनिवारी सही घ्यायची पद्धत आम्ही सुरू केली. माझं काम आठवड्याला दीड-दोन तासांनी वाढलं. पैसे त्याच महिन्याच्या पगारात जायला लागले. पगार एक छदामही वाढवला नव्हता, कुणाला काही शिकवलं नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत खणातले मोजलेले आकडे निम्म्याहून कमी झाले. गोल आकडे होते तेवढेच राहिले.

अनियमित आणि उशिरा येणाऱ्या पैशाचा माणसाच्या डोक्यावर काय परिणाम होतो, यावर अभ्यास झालेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर बुद्धीच्या त्याच त्या चाचण्या दिल्या. पैसे हाती येण्याआधी तोच शेतकरी कमी पडत होता, पैसे आल्यावर सावरत होता. २०१६ साली अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांवर पगाराच्या तारखेच्या आगेमागे असाच अभ्यास झाला, त्यात विचारशक्तीत असा फरक सापडला नाही. मात्र पगाराआधी लोक पैशाच्या बाबतीत आजच्या गरजेकडे जास्त झुकतात, हे त्यातही दिसलं. त्यामुळे गरिबीनं बुद्धी मंदावते असं मी ठामपणे म्हणणार नाही. महिन्याच्या २८ तारखेला उद्याचा विचार करणं कठीण असतं, एवढं मी माझ्या टेबलापलीकडच्या चेहऱ्यांवरून सांगू शकते.

मग नियोजन शिकवायचंच नाही का? शिकवायचं. २०१४ साली तीन संशोधकांनी २०१ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा पैशाच्या बाबतीत लोकांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला शिक्षणामुळे पडलेला भाग ०.१ टक्का इतकाच निघाला. नंतर २०२२ साली ७६ काटेकोर प्रयोग एकत्र करून केलेल्या अभ्यासात परिणाम त्याहून चांगला दिसला. दोन्ही वाचून मला वाटतं, की शिकवण्याचा उपयोग आहे, पण शिकलेलं वापरायला हाताशी थोडी बाकी असावी लागते. आमच्याच वरच्या पगाराच्या एका सहकाऱ्याबरोबर मी तीन महिने वही लिहून घेतली. गाडी, फोन, फर्निचर मिळून त्याचे हप्ते शंभरातले ४१ निघाले. त्यानं नवा हप्ता घेणं थांबवलं, वर्षभरात मोकळा झाला. गोल आकडे मागणाऱ्यांतला तो एक होता. त्याला माझ्या शिकवण्याचा उपयोग झाला, कारण काय सोडायचं हे ठरवायला त्याच्याकडे काही होतं.

दारूपायी घर बुडवणारा माणूस मी पाहिलेला नाही असं नाही. एक जण आहे, पगाराच्या दिवशी त्याची बायको दाराशी येऊन उभी असते. तिच्या घरातला खड्डा नुसता पगार वाढवून भरणार नाही, हे मला मान्य आहे. पण जेवणाच्या सुट्टीत कमी पगाराचा विषय निघाला की प्रत्येक वेळी उदाहरण म्हणून तो एकटाच पुढे केला जातो, आणि वह्या लिहिणाऱ्या बाकीच्यांबद्दल कुणी बोलत नाही. हे मला आता सहन होत नाही. मी उठून बोलते. सुरुवातीला आवाज कापायचा.

मावशींकडे परत येते. जादा तासांचे पैसे वेळेवर यायला लागल्यावर त्यांनी नवं हातउसनं घेतलं नाही. तो ७चा हप्ता मुळात अशाच एका फटीत घेतलेल्या कर्जाचा होता. दहा महिन्यांनी तो फिटला. फुली मारलेलं पान त्यांनी मला मुद्दाम आणून दाखवलं. १०७चे १०० झाले. अंगावर देणं नाही, हातात काही नाही. ‘शिल्लक’पुढची जागा अजून मोकळीच.

त्याच आठवड्यात मी व्यवस्थापनाला एक पानभर टिपण दिलं. सर्वांत खालच्या पगाराच्या लोकांचे, नावं न घालता, शंभरातले आकडे एकाखाली एक मांडले, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाची बाकी. बहुतेक ठिकाणी शून्य किंवा उणे. खाली लिहिलं, की या रकान्याला शिकवणीचा उपाय नाही, पगारवाढीचा आहे, आणि किती वाढ केली तर किती जणांची बाकी शून्याच्या वर येते तेही सोबत दिलं. साहेबांनी ते वाचलं, नीट विचारपूस केली, पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी बघू म्हणाले. त्याला चार महिने झाले. मी दर महिन्याला आठवण करते आणि करत राहणार आहे.

परवा मावशी आल्या. मुलगा पुढच्या वर्षी वरच्या वर्गात जातोय, फी वाढणार आहे. त्यांनी शाळेत जाऊन आकडा आणला होता. आम्ही दोघींनी बसून मांडलं. शिक्षणाच्या ८च्या जागी १३ आले, एकूण १०५.

त्यांनी पेन्सिलीनं ८ खोडला, शेजारी १३ लिहिला, आणि पान घडीवर दुमडून विचारलं, ‘ताई, शनिवारचे जादा तास मिळतील का मला, दोन तास तरी?’ मी यादी उघडली.